तीन मिनिटं झाली

त्या आठवड्यात आमच्या वन्सं एका जागी म्हणून बसल्या नाहीत. भाजी निवडायला घ्यायच्या आणि अर्धी जुडी तशीच टाकून गॅलरीत. मी म्हटलं, "वन्सं, पायांना चाकं लावलीत का?"

"तुला काय कळतंय, वहिनी," म्हणाल्या, आणि परत गॅलरी.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. परगावचे फोन तेव्हा ऑपरेटर जोडून देई. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात पिन लावलेली दोरी, आणि तीन मिनिटं भरली की विचारायचं, वाढवायची का? मग थेट डायल करायची सोय आली. त्या दुपारी कोणीतरी बोलत असतानाच बोर्डावरचे दिवे विझले आणि वन्संची बदली तक्रारींच्या टेबलावर झाली. "कोण बोलत होतं कुणास ठाऊक," त्या सांगतात. "पण ती पिन माझ्या हातानं काढायची राहिली."

थेट डायलला यंदा पन्नास वर्षं झाली म्हणून एक्स्चेंजमध्ये कार्यक्रम ठरला. एक तरुण अधिकारी बोलवायला आला. जुना बोर्ड मांडायचा, वन्संनी पिन लावायची, साहेबांनी रिसीव्हर उचलायचा, की फोटो.

"पलीकडे कोण असेल?"

"कोणी नाही हो आजी. बोर्ड केव्हाच मेलाय. नुसता अभिनय."

"आयुष्यभर फोन जोडले मी. खोटा एकही नाही."

तो हसला, चहा पिऊन गेला. येरझाऱ्या सुरू झाल्या त्या तेव्हापासून. शेवटी चपला सरकवून वन्सं एक्स्चेंजच्या निवृत्त मेकॅनिकचं घर गाठून आल्या. तो म्हणाला, "बाई, त्या तारांत आता उंदीर राहतात."

"मग उंदरांना नोटीस द्या."

दुसऱ्या दिवशी परत गेल्या. तिसऱ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन तोच दारात उभा. "एकच लाइन जिवंत करीन. तुमच्या घरापर्यंत. जास्त मागू नका."

कार्यक्रमाच्या सकाळी मला ताकीद मिळाली, "अकराला फोनजवळून हलायचं नाही."

"आणि दूध उतू गेलं तर?"

"जाऊ दे."

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. आता येरझाऱ्या मीच घालत होते. उंदीर जिंकले बहुतेक, असं मनात येतंय तोच फोन खणखणला.

"आपल्याला कॉल आहे. बोला." आवाज वन्संचाच, पण कडक इस्त्री केलेला.

मग साहेब. "हॅलो? अरे, खरंच कोणीतरी आहे!" समोर माइक असावा, कारण लगेच भाषणच सुरू झालं. विज्ञानाची झेप, पन्नास वर्षांची वाटचाल. मी हूं हूं करत होते. दूध शेगडीवर होतं.

"तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"अं... अहो, मी आत्ताच मुद्द्यावर..." मागे हशा पिकला. "बरं, नको."

"आभारी आहे." आणि खट्ट! पिन निघाल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

संध्याकाळी आल्या, सकाळी टाकलेली अर्धी जुडी पुढ्यात ओढली आणि मांडी घालून शेवटच्या काडीपर्यंत निवडली. मग म्हणाल्या, "गेलं का गं दूध?"

"गेलं."