पिंपातला जुना भुसा

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. शेवटच्या आजारात ती अमरावतीच्या दवाखान्यात होती, तेव्हा पंधरा दिवस तिच्या खाटेशी बसून होतो. सगळं बोलून झालं — वावराचं, पोरींच्या सासरचं, कुणाचं काय दुखलं त्याचं. हे तेवढं बोललो नाही. जीभ तिथपर्यंत यायची आणि वळायची.

आता तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, मला माहीत नाही — तेच बरं. पण एक आधीच सांगून ठेवतो. म्हातारा झाला, देव आठवला, म्हणून रडायला बसला असं समजू नका. मी रडका माणूस नाही. सत्तरी ओलांडली, पण कुणापुढे मान खाली घातली नाही — एकदा सोडून. ते एकदा कोणतं, तेच सांगायचं आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. त्या वर्षांत लोडशेडिंग इतकं, की दळण टाकलं तर पीठ कधी मिळेल हे चक्कीवालाही सांगू शकत नसे. तेव्हा एक संस्था गावात आली. म्हणे पराटीवर वीज करून देतो. कापूस वेचून झाला की वावरात जी वाळकी झाडं उभी राहतात, ती पराटी. आम्ही ती उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवत होतो, नाहीतर चुलीत घालत होतो. संस्थेच्या साहेबानं शाळेच्या भिंतीवर पांढरा कपडा लावून चित्रं दाखवली. ब्राझीलमध्ये उसाच्या चिपाडावर वीज, डेन्मार्क नावाच्या देशात गव्हाच्या काडावर वीज, आणखी कुठं भाताच्या तुसावर. माणसं गोरी, काड मात्र आपल्यासारखंच. मागून कोणीतरी बोललं, "साहेब, हे तं ढोराचं खाणं हाये. ते लोक ढोराले काय चारतात मंग?" सगळे हसले. मी हसलो नाही. मी यंत्र पाहत होतो.

यंत्र कोण चालवणार? गावात विहिरीवरचं तेलाचं इंजिन तीस वर्षं चालवलेला माणूस मी एकटा. चौथी शिकलो, पण इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगत होतो. त्यांनी मला निवडलं आणि बरोबर निवडलं. तीन वर्षं मी ते यंत्र चालवलं. चक्की चालली, नळाचं पाणी टाकीत चढलं, शाळेपुढं दिवा लागला. हे माझं काम होतं, आणि ते मी आजही कुणाला काढून घेऊ देणार नाही.

यंत्राचं तुम्हाला थोडं समजलं पाहिजे, नाहीतर माझं पाप समजणार नाही. पराटीचे तुकडे करून भट्टीत वरून टाकायचे. ते आत अर्धेच जळतात आणि त्याचा धूर होतो. साहेब त्याला गॅस म्हणे. तो पाण्यानं धुवायचा, मग लाकडाच्या भुशानं भरलेल्या पिंपातून गाळायचा आणि इंजिनाला द्यायचा. त्या धुरात डांबरासारखं चिकट असतं. ते भुशात अडकलं तर ठीक, नाहीतर इंजिनाच्या पोटात जातं. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या. पराटी कोरडी पाहिजे आणि भुसा ठरल्या दिवशी बदलला पाहिजे. ओल्या पराटीनं डांबर जास्त निघतं, जुन्या भुशात ते थांबत नाही. दोन्हीकडून इंजिनाची गत एकच.

भुसा माझ्याकडे होता. पराटी वच्छलाकडे.

वच्छला माळ्याच्या घरची. दीड एकरात झेंडू, शेवंती, थोडी वांगी. नवरा दमेकरी, म्हणून सगळं तिच्याच अंगावर. तिच्या हाताखाली पाच बाया. पराटी उपटून आणायची, कापायची, वाळवायची, टिनाखाली रचायची, पावसाळ्यात उलटीपालटी करायची. ओल म्हणजे काय, हे तिच्या बोटांना साहेबाच्या मीटरआधी समजायचं. रोज भट्टी पेटवण्याआधी ती एक काडी घेऊन माझ्या कानाजवळ मोडायची. कडक आवाज आला तर ढीग भट्टीकडे, नाहीतर परत उन्हात.

"आयका भाऊ, नाहीतं उद्या म्हणसान ओली होती," असं हसून म्हणायची.

मी ऐकत होतो. रोज ऐकत होतो. हे लक्षात असू द्या.

आता भुशाचं. दर्यापुरात माझ्या साळ्याची लाकूड कापायची आरामशीन होती. भुसा तिथून आणायचा, पोतं भरून, जीपच्या टपावर टाकून. दोन वर्षं आणला. मग त्याच्या पोरीचं लग्न झालं. पंगतीत मी बसलेलो, आजूबाजूला पन्नास माणसं, आणि तो वाढता वाढता मोठ्यानं म्हणाला, "वाढा जवायबापूले, इंजिनेर हायेत चौथी पास. आमच्या भुशावर गावात उजेड पाडतात." पंगत हसली. माझी बायकोही पदराआड हसली — ते मला जास्त लागलं. मी पानावरून उठलो. त्या दिवशी ठरवलं, याच्या दारातून मूठभर भुसा उचलायचा नाही.

दुसरी आरामशीन नव्हती का? अंजनगावला होती. पण तिकडे गेलो असतो तर गाव विचारणार, साळ्याचा भुसा काहून सोडला? आणि मला ते सांगायचं नव्हतं. मग काय केलं मी? पिंपातला जुना भुसा काढला, माझ्या वावरातल्या गोठ्यामागे पसरला, वैशाखाचं ऊन दाखवलं आणि परत पोत्यात भरला. आमच्याकडे उन्हात काय सुधारत नाही? डाळ, मिरची, गादी, बी-बियाणं — सगळं ऊन दाखवून वर्ष काढतं. भुसाही निघेल, असं मनात म्हटलं. सकाळी रिकामी पोती घेऊन दर्यापूरच्या जीपकडे निघायचो, फाट्यावरून वावरात वळायचो आणि दुपारी भरली पोती घेऊन गावात यायचो. "आणला भुसा," म्हणायचो.

अडाणी होतो म्हणून केलं, असं म्हणू नका. संस्थेनं वही दिली होती, तीत मराठीत लिहिलं होतं — भुसा पुन्हा वापरू नये. मला वाचता येत होतं. मी वाचलं होतं.

वच्छलानं एकदा पोत्यात हात घातला, वास घेतला. "भाऊ, याले लाकडाचा वास नाही येत. धुपट वास येऊन राहिला."

मी म्हणालो, "तू आपली पराटी पाय." ती ढिगाकडे परतली. मी हाकलल्यासारखं बोललो होतो.

असं दीड हंगाम चाललं. मग कार्तिकात एका सकाळी चक्कीवर दळणाची रांग असताना इंजिन अडखळलं, दोनदा खोकललं आणि बंद पडलं. हँडल फिरेना. मी तिथंच उभा राहिलो. कशानं झालं, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. दुसऱ्या कोणाला नव्हतं.

मेकॅनिक दोन दिवसांनी येणार होता. मधल्या दिवशी अर्धं गाव कौंडण्यपूरच्या यात्रेला गेलं. भर दुपारी मी फावडं घेतलं, पिंप उघडलं, तो काळा गिच्च भुसा काढला आणि माझ्याच उकिरड्यात खाली दाबून वर शेण टाकलं. पिंप राखेनं घासून ठेवलं. मग घरी येऊन हातपाय धुतले, भाकर खाल्ली. चांगली लागली भाकर. खोटं कशाला सांगू?

अमरावतीच्या मेकॅनिकनं शाळेपुढं सगळ्यांसमोर इंजिन उघडलं. आत डांबराचा थर. तो म्हणाला, "दोनच कारणं असतात. पराटी ओली, नाहीतर भुसा जुना. कोणतं, ते चालवणाऱ्यानं सांगावं."

चालवणारा मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "पाऊस आताच सरला. पराटीत ओल राहिली."

एवढंच. एक वाक्य. आवाजही चढवला नाही.

वच्छला पुढं आली. "नामदेवभाऊ, मी रोज तुमच्या कानाशी काडी मोडत होती. तुमीच सांगा, वाजत होती का नोयती?" मी इंजिनाकडे वळलो. मग ती म्हणाली, "अन् भुसा कुठी हाये? पिंप रिकामं कसं?" मी म्हणालो, "नवा भराले साफ केलं." लोकांनी मान हलवली. पटण्यासारखंच होतं ते. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मी माझ्या चपलेकडे. हेच ते एकदा.

संस्थेनं लिहून टाकलं की या गावात इंधन कोरडं ठेवता येत नाही. यंत्र घेऊन गेले. पाच बायांचं आणि वच्छलाचं काम गेलं. पण तेवढ्यावर राहिलं नाही. आमच्या लोकांची जीभ तुम्हाला माहीत नाही. काडीपेटी पेटली नाही — "वच्छलाची पराटी हाये का बे?" दिवाळीत फटाका फुसका निघाला — "वच्छलाची पराटी." तिच्या पोराला शाळेत तेच नाव पडलं. एका होळीला लाकडं पेट घेत नव्हती, सगळे वैतागले होते, आणि — हेही लिहितो — मीच म्हणालो, "वच्छलानं तं नाही ना रचली?" सगळ्यात मोठा हशा माझ्या बोलण्यावर झाला. ती चार हातांवर पूजेचं ताट घेऊन उभी होती. ताट तिनं तिथंच मातीत ठेवलं आणि गेली. त्यानंतर तिला गावाच्या होळीत कोणी पाहिलं नाही.

चौदा वर्षं झाली याला. मी का केलं, ते विचारू नका. वर एक कारण सांगितलं आहे, पण ते कारण होत नाही. पंगतीत हसले म्हणून एका बाईचं नाव मातीत घालायचं असतं का?

आता अकोला रोडला पराटीवर वीज करणारा मोठा कारखाना झाला. गावागावातून ट्रक भरून पराटी जाते. गेल्या महिन्यात तिथला माणूस ग्रामपंचायतीत आला. आमच्या भागातली पराटी गोळा होईल त्या आवारात वाळवण पाहायला जाणतं माणूस पाहिजे, कायमचं काम. सरपंच म्हणाला, "पराटीतली जाणती तं एकच, वच्छलाबाई." आणि सगळे फिदीफिदी हसले. त्या माणसानं विचारलं, काय झालं? त्याला गोष्ट सांगितली. माझी गोष्ट, माझ्यासमोर. त्यानं दुसऱ्याचं नाव लिहून घेतलं. मी तिथं बसलेलो होतो. उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरला गेलो. वच्छला तिथं बाजारात हार विकते. केस पांढरे झाले, हात तसेच चालतात. उभ्यानंच सगळं सांगितलं — पोती, वावर, उकिरडा. तिनं सुई थांबवली नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "मले काय सांगता? मले तं तवाच माईत होतं पराटी वाळेल हाये. गावाले माईत नाही. गावाले सांगा."

मला ‘बसा’ म्हणाली नाही. का म्हणेल?

मी सोमवारी ग्रामपंचायतीत गेलो आणि दहा-बारा माणसांपुढं सांगितलं. काय झालं असेल? सरपंच उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, तुमचं मन मोठं हाये. गरीब बाईले काम मिळावं म्हणून आपल्यावर घेऊन राहिले." मी म्हणालो, अरे खरं सांगून राहिलो. ते म्हणाले, "असू द्या काका, असू द्या." चहा मागवला. माझ्यासाठी. म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा त्यांनी मानलं, आणि खरं बोललो तर माझीच इज्जत वाढली.

म्हणून हे लिहायला बसलो. चहा पाजून उडवून लावता येणार नाही असं, शाईनं. पिंपात काय होतं, पोती फाट्यावरून कुठं वळली, उकिरड्यात काय दाबलं — सगळं लिहिलं आहे. गावात हे पोचेल तेव्हा म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणू द्या. चष्मा डोळ्यावर आहे, डोकं जागेवर आहे, अक्षर वाकडं असलं तरी माझं आहे.

इंजिन मी मारलं. वच्छलानं नाही. माझं नाव नामदेव, आणि मी याच गावात राहतो.