लाइन काढली का?

आंगणात लाखोरीची भाजी निवडत आम्ही दोघं नवरा-बायको बसलो होतो अन् वीज गेली. बुढीनं हातातली जुडी खाली ठेवली. "लाइन आपलीच गेली का साऱ्याईची?"

"साऱ्या गावाची."

"मंग बरं हाय," म्हणाली अन् पुन्हा निवडायला लागली. बायकोसोबत केलेलं माझं हे शेवटचं काम.

बुढीला इंग्रजी 'लाइन' एवढंच येत होतं, पण त्या एका शब्दावर तिनं जन्म काढला. वीज म्हणजे लाइन. रेशनच्या दुकानापुढची रांग म्हणजे लाइन. नागपूरच्या पोरीचा फोन लागला नाही, की "लाइन नाही भेटून राहिली." अन् साऱ्या लाइनींची तिला भीती. रेशनच्या मशिनवर अंगठा उठला नाही तर? पोरीचं काही झालं असेल तर? धानाच्या रोवणीच्या लाइनीत तेवढी ती कोणाला भेत नव्हती. दोरी धरून चिखलात उतरली की मलाच दटावायची, "तुमची लाइन दारू पेल्यावानी जाऊन राहिली, सरका तिकडं!"

पण खरी भीती धुऱ्यावरच्या लाइनची. आमच्या शेताला लागून धनराजचं शेत, मधला बांध म्हणजे धुरा. डुकरं धान लोळवतात म्हणून तो रात्री शेताभोवती तार ओढतो अन् तिच्यात वीज सोडतो. असं बरेच करतात. सारे जाणतात, बोलत कोणी नाही. अड्याळकडे बुढीच्या भावाचा बैल अशाच तारेनं गेला, तिच्या डोळ्यांदेखत. हंबरलाही नाही म्हणे, उभ्या उभ्या पडला. तेव्हापासून सकाळी शेतात जाताना ती पुढं, मी मागं. धुरा आला की हात आडवा करून मला थांबवायची अन् हाक मारायची, "धनराज, लाइन काढली का रे?"

"काढली जी काकू!"

"तोंडानं नोको सांगू. गुंडाळी दाखव."

त्यानं तारेची गुंडाळी वर करून दाखवली, की मगच मला पाय उचलू द्यायची. मी म्हणायचो, "एवढी कायले भिऊन राहिली वो? यम का तारेवरूनच येते?"

"कुठून येते मले माहीत नाही. जिथून दिसते तिथं तरी उभी राहू द्या."

तो दिसला नाही तिथून आला. त्या रात्री भाजी-भात खाऊन झोपली ती उठली नाही. पहाटे हात लावला तर गार.

पोरगी आली, मग बुढीला घेऊन निघालो. मसणवट्याची वाट त्याच धुऱ्यावरून जाते. हातात विस्तवाचं मडकं घेऊन मी पुढं होतो. धुरा आला अन् माझा पाय उचलेना. त्या वाटेनं मी कधी पुढं चाललोच नव्हतो. मी हात आडवा केला. मागं खांदेकरी थांबले.

"काय झालं बाबाजी? ऊन होऊन राहिलं," कोणीतरी म्हणालं.

"धनराज, लाइन काढली का रे?"

तो तिला खांदा देऊनच होता. "काढली जी काकाजी."

"तोंडानं नोको सांगू."

त्यानं खांदा दुसऱ्याला दिला, शेतात उतरला अन् तारेची गुंडाळी दोन्ही हातांनी वर धरली. मी मागं वळून तिच्याकडं पाहिलं, तिलाही दिसावी एवढा वेळ थांबलो. मग पाय उचलला.