अस्वलाच्या मुलखातला पिकला फणस

आमचे हे रेल्वेत काटेवाले, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, म्हणून पार पूर्वेकडे दरेकशाला आले आणि त्यांच्यामागून मी आले. स्वराज्य येऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहायचं म्हणून चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे हा मुलूख नकाशात कुठे येतो तेही मला ठाऊक नव्हतं. गाड्या बदलत बदलत आले. उतरले तर चहूकडे डोंगर, जंगल आणि मधोमध एवढंसं स्टेशन. माझा स्वभाव मुळातच धास्तीचा. पहिले काही महिने मालगाडी खडखडली तरी मी दचकायची.

मला तिथे रुळवलं ते फळांनी. वैशाखात जंगलातल्या बायका पानांच्या द्रोणांत चारं घेऊन स्टेशनवर यायच्या. काळी, बोराहून लहान, आंबटगोड फळं. शिऱ्यावर आपण जी चारोळी घालतो ती या फळाच्या बीतून निघते, हे मला तिथे कळलं. तोवर मला वाटायचं, चारोळी वाण्याकडेच तयार होते. टेंभरं असायची, चिकूची गरीब बहीण म्हणावी अशी. पेरूला तिथे जांब म्हणत. सगळं चाखलं, सगळं आवडलं. पण आमच्या क्वार्टरच्या मागे कुंपणापलीकडे एक झाड होतं, ते पाहिलं की माहेर आठवायचं. ते होतं फणसाचं.

झाड एका शेतकरी कुटुंबाचं. घरातल्या बाईला मी मावशी म्हणायची. तिकडच्या बायकाही स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. सुरुवातीला मला हसू यायचं, मग कानाला सवय झाली. मावशी कोवळे फणस कापायची, अर्धा मला आणून द्यायची. “भाजी कर. हाताले जवसाचं तेल लावजो, नाई तं चीक निघत नाई.” भाजी चांगली व्हायची. पण झाडावर एकही फणस मोठा होईपर्यंत राहायचा नाही.

“मावशी, एक तरी पिकायला ठेवा की,” मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं.

“काऊन? अस्वलाले जेवाले बोलावतो का मी?”

मला वाटलं, थट्टा. पण ती थट्टा नव्हती. मोहाची फुलं गळायला लागली की अस्वलं पार रुळांपर्यंत उतरत, हे आमच्या ह्यांनी स्वतः पाहिलं होतं. पिकल्या फणसाचा वास तर डोंगरापलीकडे जातो. म्हणून त्या टोल्यावर, म्हणजे त्या वस्तीवर, सगळ्यांचीच रीत, फणस कोवळा असतानाच उतरवायचा. उन्हाळ्यात माणसं अंगणात झोपतात, बकऱ्याही तिथेच बांधलेल्या असतात.

दुसऱ्या वर्षी चैत्रात मला हिवतापानं धरलं. ताप गेला, पण कोयनेलच्या गोळ्यांनी तोंड असं कडू झालं की पाणीसुद्धा जाईना. मावशी पेज घेऊन यायची आणि तशीच परत न्यायची. एकदा वैतागून म्हणाली, “मंग खाशील तरी काय? सांग ना वो पोरी!”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पिकला फणस.”

ती पेज उचलून निघून गेली. मी उठून बसायला लागले तेव्हा कुंपणातून दिसलं, सगळे फणस उतरवले होते, एक सोडून. बुंध्यालाच लागलेला, चांगला हंड्याएवढा. आणि झाडाभोवती बोरीच्या काट्या रचलेल्या.

आनंद व्हायच्या आधी मी घाबरले. काट्यांनी का अस्वल अडतं? काही झालं तर माझ्या एका शब्दापायी. त्याच दुपारी मावशीची जाऊ पलीकडच्या अंगणातून कडाडली. तिच्या बकऱ्या त्या झाडापासून हाकेवर, आणि पोरं तिथेच बाजेवर झोपणार.

“का वो, एका कोकणवालीच्या जिभेपायी साऱ्या टोल्याले अस्वल दाखवतस का? माह्या बकऱ्या काय तुह्या बापानं देल्या?”

“पोरगी वाळून काडी झाली. एक फळ मांगतलं तिनं, सोनं नाई मांगतलं,” मावशी म्हणाली.

मी तशीच भिंतीला धरत गेले. “मावशी, तोडा तो. भाजी करा. मला नको.”

“मंग तेव्हा कायले बोललीस? आता चूप बस.”

दोघी जावांचं बोलणं बंद झालं. माझ्यामुळे. मग आठवलं, आमच्याकडेही फणस वास सुटेपर्यंत झाडावर ठेवत नाहीत. निबर झाला की उतरवतात आणि घरात पिकवतात. हे मी दोघींच्या देखत सांगितलं. जाऊ म्हणाली, “मंग तूच सांग कवा उतरवाचा. चुकली तं तू जाण.”

आता खोटं कशाला बोलू, मला ते येत नव्हतं. माहेरी फणस ठोकून बघायचे ते काका. आम्ही मुलं नुसती भोवती उभी, मनातल्या मनात गरे मोजत. लवकर उतरवला तर तो रबरासारखा राहून सडणार, उशीर केला तर अस्वल. मी रोज उन्हं कलली की जायची आणि बोटाच्या पेरांनी ठोकायची. टक्क. टक्क. काटे बोथट होऊन फाकायला हवेत, देठाजवळचं पान पिवळं पडायला हवं, एवढं आठवत होतं. मावशीचा बुढा, म्हणजे तिचा नवरा, बाजेवरून म्हणायचा, “फणस हाय का पावण्याचं दार? रोज ठोकून राहिली. उघडलं का?”

एक दिवस आवाज पडला. टक्क नाही, बद्द. मी पुन्हा ठोकलं. कान लावला. जाऊ आपल्या दारातून टक लावून पाहत होती. पान म्हणावं तसं पिवळं नव्हतं. “आज,” मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा त्या पानाकडे पाहिलं.

बुढ्यानं दोर बांधून फणस उतरवला. ठेवायचा आमच्याकडे, कारण क्वार्टरला पक्क्या भिंती आणि लाकडी दार. तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, गुंडाळून खाटेखाली ठेवला. मी येता-जाता वाकून त्याचा वास घ्यायची.

“अगो, फणस आहे की बाळ?” हे म्हणायचे. “सारखी काय बघतेस? आणि अस्वल काही रेल्वेत नाही. त्याला क्वार्टर मिळत नाही.”

काही दिवस नुसता तणसाचा वास. माझी खात्री झाली की चुकलं. आता जावेला तोंड कसं दाखवू? मग एका सकाळी स्टेशन मास्तर नाक दाबून दारात. “अरे भाई, तुम्हारे घर में क्या सड़ गया?” मी आनंदानं त्यांना आत बोलवायला निघाले, ते मागच्या मागे पळाले.

फोडायला मावशीच्या अंगणात नेला. सगळा टोला जमला. मला आशा होती कापा निघेल, कडक कुरकुरीत गऱ्यांचा. निघाला बरका, बुळबुळीत. मी गरा उचलून दाखवला तशी पोरं ओरडली, “शेंबूड! शेंबूड!” बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी म्हटलं, चावू नका, गिळा. मावशीनं डोळे मिटून गिळला. मग हात पुढे केला, “आणीक दे.” मी किती खाल्ले ते सांगत नाही.

जाऊ कुंपणाशीच उभी होती. मावशीनं पानावर गरे ठेवून नेऊन दिले. तिनं एक खाल्ला, मग सगळे, आणि आठळ्या गोळा करून चुलीच्या राखेत भाजायला घातल्या.

उरला प्रश्न सालांचा, कारण वास त्यांनाच जास्त. बुढा म्हणाला, “त्याचा वाटा त्याले देऊन येतो,” आणि ऊन असतानाच टोपली डोक्यावर घेऊन आमच्या ह्यांना बरोबर घेऊन नाल्यापलीकडे, जंगलाच्या कडेला गेला. मी वाटेकडे डोळे लावून उभी. दोघं रिकामी टोपली हलवत परत येताना दिसले तेव्हा कुठे मी खाली बसले.

जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. गरम आठळ्या माझ्या पदरात टाकल्या. मावशीकडे पाहत, पण मला म्हणाली, “पुढच्या साली माह्या झाडाचा बी एक ठेवतो. ठोकाले येजो.”

मी हो म्हटलं, आणि तिथेच मला पुढच्या वर्षीची काळजी लागली.