उघडीच्या अलीकडची गाडी

यातलं किती मला खरंच आठवतंय आणि किती वामनने इतक्या वेळा सांगितलं की आठवल्यासारखं वाटतंय, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, त्यात डॉक्टरेट केली, त्यामुळे ‘खात्री’ हा शब्द मी एरवीही जपूनच वापरतो. पण एखादी मोटार काही वर्षं एकाच अंगणात उभी राहिली की तिच्यावर धूळ बसते तसे किस्सेही बसत जातात. धूळ निदान पुसता येते!

गाडी नारायणशेठची. आमच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातला माणूस. आईवडील मिठागरात राबलेले. याने एका सेकंडहँड ट्रकवर सुरुवात केली आणि आता बंदरातून कंटेनर ओढणारे ट्रेलर बाळगून आहे. पन्नाशी आली तेव्हा म्हणाला, “आजवर घेतलं ते सगळं माल वाहायला. आता एक गाडी नुसती बसायला घेतो.” आणि निवडली ती जर्मन. चार दारांची, दिसायला घरगुती, पळायला शर्यतीची.

आमची बैठक रऊफभाईच्या गॅरेजबाहेर, जुन्या टायरांवर भरायची. नारायणशेठ, रऊफभाई, पोस्टातून निवृत्त झालेला वामन आणि मी. म्हणजे मी पूर्वी जायचो. त्या वर्षी आमची ही गेली आणि माझं घराबाहेर पडणं थांबलं. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगायचो.

*

एका संध्याकाळी नारायणशेठ स्वतःच घरी आला. हातात लग्नाच्या अल्बमएवढं जाड पुस्तक. “सर, गाडी घेतली तरी त्यात काय काय पाहिजे ते वेगळं सांगावं लागतं. सगळं इंग्रजीत आहे. आपल्यात शिकलेले तुम्हीच.”

मी म्हणालो, “अरे, पण मला गाडी चालवता येत नाही!”

“म्हणूनच. चालवणारा माणूस मोहात पडतो.”

सुरुवात रंगापासून. नारायणशेठचं गणित साफ होतं. “पांढरी म्हणजे अँब्युलन्स, काळी म्हणजे मंत्री, लाल म्हणजे एसटी.” शेवटी त्याच्या आयने फोनवरून निकाल दिला, “मिठाच्या राशीसारखी घे. पावसाळ्याआधीच्या.” पुस्तकात शोधता शोधता खडूसारखा एक राखाडी पांढरा सापडला. त्याला जादा पैसे होते.

गाडी आल्यावर वामनने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “प्राइमर छान बसलाय. रंग कधी मारणार?”

*

आता माझी चूक.

ऑर्डरच्या फॉर्मवरच्या यादीत एक ऑप्शन होतं: बटण दाबलं की गाडीचं नाक दोन बोटं वर उचललं जातं. मला हा चक्रमपणा वाटला. पण नुसतं वाटलं म्हणून खोडणं माझ्या स्वभावात नाही. मी नारायणशेठला विचारलं, “तुझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर गतिरोधक किती, आणि प्रत्येक किती उंच?”

त्याने डोळे मिटले आणि रेवदंड्यापासून पेणपर्यंतचे सगळे बोटांत सांगितले. शाळेजवळचा, देवळाजवळचा, आमदारांच्या मेहुण्याच्या घरासमोरचा. ट्रेलरवाल्याला रस्ता पोटाखालून पाठ असतो. मी सगळे लिहून घेतले, बेरीज केली, भागाकार केला. सरासरी उंची गाडीच्या पोटापेक्षा कमी निघाली.

“गरज नाही,” मी म्हणालो आणि लाल शाईने ओळ खोडली.

नारायणशेठने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाला, “तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार,” आणि फॉर्मची घडी करून खिशात घातली.

गाडी सरासरीवरून जात नाही, एकेका गतिरोधकावरून जाते, हे माझ्या लक्षात यायला दहा दिवस लागले. तेही पहाटे दात घासताना! तोवर ऑर्डर गेली होती.

*

ब्रेक मात्र मी सर्वांत भारी निवडले. सिरॅमिकचे. अपघाताची शक्यता, वेग, अंतर, असं सगळं मांडून.

पहिल्या दिवशी रऊफभाईने ते पाहिले आणि कपाळाला हात लावला. “सर, ये ब्रेक तापल्यावर मजा देतात. आपल्या रोडवर तापणार कुठं? इथं ब्रेकपेक्षा ड्रायव्हरच आधी तापतो!”

थंड असताना ते असे किंचाळायचे की रस्त्यात बसलेल्या म्हशी उठून बाजूला व्हायच्या. पुढे पुढे नारायणशेठने हॉर्न वाजवणंच सोडून दिलं.

*

गाडीची पूजा चौलला, देवळासमोर झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हार, आणि गुरुजींनी नाकावर बरोब्बर मधोमध ओल्या कुंकवाने ठसठशीत स्वस्तिक काढलं. त्याच जागी गाडीचा डोळा होता, म्हणजे पुढचं वाहन ओळखणारा सेन्सर. गाडी ओरडायला लागली. “समोर अडथळा! समोर अडथळा!”

रऊफभाई फडकं घेऊन पुढे झाला. गुरुजी कडाडले, “पुसायचं नाही! स्वतःहून जाईपर्यंत राहू द्यायचं.”

ते स्वतःहून जायला अकरा दिवस लागले. तोवर जगातली एक अत्यंत हुशार मोटार आंधळी होऊन रायगड जिल्ह्यात फिरत होती. वामन म्हणाला, “देवावर भरवसा ठेवल्यावर सेन्सर कशाला?”

*

पूजेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी नारायणशेठ माझ्या दारात आला. गाडी रस्त्यावर उभी. चेहरा पडलेला.

“सर, उघडीवर अडकते.”

उघडी म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला बसवलेलं दार. नारायणशेठच्या गावात जायचा एकमेव रस्ता त्या उघडीवरून जातो, आणि तिथे उंटाच्या पाठीसारखा वर चढून धाडकन खाली उतरतो. माझ्या हिशेबात ती नव्हतीच. मी गतिरोधक विचारले होते, त्याने गतिरोधक सांगितले. उघडी कुणी बांधली ती काही गाड्या हळू करायला नव्हे!

“नाक वर उचलायचं ते असतं तर...” मी पुटपुटलो.

“जाऊ द्या सर. तुमचं घर उघडीच्या अलीकडे. अंगण मोठं. इथंच लावतो.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण नारायणशेठने गाडी घेतली तेव्हा एकच गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली होती. आयच्या दारात गाडी उभी करायची. जिथे मिठाच्या पाट्या उतरवून ती टेकायची, त्या ओट्यासमोर. बाकी पाचशे घोडे आणि तीनशेचा वेग गेला खड्ड्यात. आणि मी तेवढंच खोडलं होतं. लाल शाईने.

*

गाडी आली तशी बैठकही आली. गाडी पुसायला नारायणशेठ रोज सकाळी यायचा, संध्याकाळी सुरू करून बघायला यायचा. त्याच्या मागे रऊफभाई, “बॅटरी चेक करतो” म्हणून. त्याच्या मागे वामन, काहीही कारण न सांगता. आठवडाभरात गॅरेजबाहेरचे टायरसुद्धा माझ्या अंगणात आले.

मी कुरकुरलो, “माझ्या घराचा पार्किंग लॉट केलात.”

वामन म्हणाला, “प्रोफेसर, पार्किंग लॉटला चहा मिळत नाही. तुम्ही तो करायला शिका आधी.”

मी शिकलो. पहिले काही दिवस त्यांनी तो कुंडीत ओतला, हे मला शेवंती वाळली तेव्हा कळलं!

*

एक्झॉस्टला ‘स्पोर्ट’ नावाचं बटण होतं. ते दाबलं की गाडी मागून फटफट आवाज करायची. हे बटण मी ठेवलं होतं. का, ते आता सांगता येत नाही. बहुधा थकलो होतो.

रऊफभाईने पहिल्यांदा आवाज ऐकला आणि गंभीरपणे बॉनेटकडे वळला. “मिसफायर आहे.”

“नाही रे, जादा पैसे देऊन घेतलाय तो आवाज!”

रऊफभाईने हातातला पाना खिशात घातला. मग म्हणाला, “शेठ, माझ्याकडं तीन रिक्षा असा आवाज करतात. मी येडा, दुरुस्त करतो!”

*

आता वेगाचं. कंपनी म्हणते तीनशे. माझ्या डोळ्यांदेखत काटा सर्वांत पुढे गेला तो पंचावन्नपर्यंत, पोयनाडच्या अलीकडे, आणि लगेच समोर नारळाचा टेम्पो आला. दिवेआगरला निघालो तर अर्धा रस्ता त्याच टेम्पोमागे. टेम्पोत मागे झोपलेला माणूस उठला, आमच्याकडे पाहून हसला आणि कुशीवर वळला.

सर्वांत सलग, न थांबता प्रवास त्या गाडीने केला तो उभ्याउभ्याच. मांडव्याहून बोटीवर! मुंबईला सर्व्हिसिंगला न्यायची होती. जेटीवरून बोटीत चढायला लोखंडी रॅम्प. तो पाहून मी हात आडवा केला. “नारायणशेठ, घासणार. परत फिर.”

तो म्हणाला, “सर, ते बघा, डॉल्फिन!”

मी वळून पाहिलं. बरंच पाहिलं. मला डॉल्फिन दिसला नाही. पुन्हा वळलो तर गाडी बोटीत उभी. ओरखडा नाही.

“चढली कशी?”

“हळू घेतली.”

“मग उघडीवर का नाही चढत?”

“रॅम्प वेगळा सर, उघडी वेगळी.”

मी घरी येऊन दोन्ही उतारांचे कोन कागदावर काढले. जमले नाहीत. मला वाटलं, माझं गणितही आता वयावर गेलं.

*

दर गुरुवारी आय शेअर रिक्षाने माझ्याकडे यायची. नऊवारी, हातात टोपलीभर भाजी, आणि थेट गाडीत. सीटमध्ये मसाजची सोय मीच घेतली होती. त्या दिवशी मोह नक्की कोणाला पडला, ते राहू दे.

पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर ती किंचाळली, “नाऱ्या, हिच्यात मानूस हाय!”

मग सवय झाली. डोळे मिटून पाव तास पाठ दाबून घ्यायची आणि वर सूचना करायची. “वायच खाली... व्हय, तिथंच.” गाडी इतकी बुटकी की बाहेर काढायला एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने वामन. एकदा आम्हीच दोघे आत पडलो. रऊफभाईने तिघांना बाहेर काढलं आणि म्हणाला, “यापेक्षा ट्रक ओढणं सोपं.”

पण ती रिक्षातून उतरताना दिसली की मी नजर चुकवून चहा टाकायला आत जायचो. मुलाची एवढी गाडी, आणि आई शेअर रिक्षात बसून तिला भेटायला येते.

*

शेवटी मला राहवेना. एका सकाळी कुणाला न सांगता पेढे घेतले आणि चालत निघालो. उघडीवर थांबून फुटपट्टीने चढ मोजला. पाणी सोडायला आलेला माणूस म्हणाला, “सरकारी हाय काय?” मी हो म्हणालो. खोटं बोललो.

आय ओट्यावर सुकट निवडत होती. मी उभ्यानेच सांगितलं. सरासरीचं, लाल शाईचं, सगळं. “आय, तुमच्या दारात गाडी लागली नाही, ती माझ्यामुळे. त्याने माझ्यावर विश्वास टाकला आणि मी...”

ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत.

“बसा, मास्तर. पायी आलाव? गुडगं बरं झालं म्हनायचं.”

“गाडीचं बोलतोय मी.”

“माजं काय बी ऱ्हायलं न्हाय, मास्तर. गाडी तुमच्याच दारात बरी.” मग सुकटीचा एक डबा माझ्या हातात ठेवला. “नाऱ्याला सांगा, चा प्यायला तुमच्याकडं येतो तवा दूध घेऊन जात जा. तुमी इसारता.”

परत येताना उघडीवर पुन्हा थांबलो. फुटपट्टी काढली नाही.

*

त्यानंतर किती वर्षं गेली, नक्की सांगत नाही. नारायणशेठने गाडी बदलायची ठरवली. तपासणीला शोरूमचा मेकॅनिक माझ्या अंगणात आला. वामन आणि रऊफभाई टायरांवर, नारायणशेठ आत माझ्या स्वयंपाकघरात चहा टाकत होता. मेकॅनिकने स्क्रीनवर एकेक गोष्ट उघडून मला दाखवली, कारण मी चष्मा लावून मान हलवत होतो. सीट, मसाज, एक्झॉस्ट.

“आणि हे नाक उचलायचं,” तो म्हणाला.

“ते यात नाही. मी खोडलं होतं.”

त्याने बटण दाबलं. गाडीने माझ्यासमोर, माझ्या अंगणात, नाक वर उचललं.

“हे सेव्ह करता येतं, सर. जिथे एकदा उचललं ती जागा गाडी लक्षात ठेवते. यात दोन जागा आहेत. एक मांडव्याची जेटी.”

“आणि दुसरी?”

त्याने नकाशा मोठा केला. मी चष्मा पुसून पाहिलं, मग काढून पाहिलं, मग परत लावून पाहिलं. ठिपका उघडीवर होता. खाली तारीख होती, पूजेच्या दुसऱ्या दिवसाची. ‘अडकते’ म्हणत तो माझ्या दारात आला, त्याच्या आधीची.