अर्धा वाचलेला पेपर

माझी ट्रॅव्हल्स पुण्याला निघाली तेव्हा बाबा खिडकीखाली उभे होते आणि धाकटा सुमेध गुडघा धरून स्टँडच्या बाकावर बसला होता. त्याला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. दुखणं उठलं की दात आवळून गप्प बसायचा. त्या दिवशीही दुखत होतं, तरी मला सोडायला आला. "ताई, दुखन्याचं औषध शोधून आनजो," म्हणाला. बाबा शाळामास्तर, ते एवढंच बोलले, "शिक. मांगं पाहू नको." तुमच्यापैकी ज्यांनी चंद्रपुराकडून, वर्ध्याकडून अशाच गाड्या धरल्या, त्यांना निराळं सांगायला नको.

हडपसरला खोली घेतली तेव्हा मागच्या बाजूला ऊस होता. एम.फार्म.ला, मग पीएच.डी.ला होते तोवर तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. माझ्या मैत्रिणी एकेक करून त्या इमारतींत गेल्या, डेटा सांभाळायला. त्यांना शनिवार-रविवार सुट्टी असायची. मी कॉलेजच्या लॅबमध्ये उंदरांपाशी राहिले. आमच्याकडे एका रानवेलीचं मूळ दुखण्यावर उगाळून देतात, त्यावर काम करत होते. उंदरांचं दुखणं खरोखर कमी होत होतं. ते पहिल्यांदा दिसलं त्या रात्रीच्या जेवणाची चवसुद्धा आठवते. पण पुढच्या तपासणीत कळलं, ज्या डोसला दुखणं थांबतं त्याच डोसला यकृत नासतं. छापलेल्या शोधनिबंधात, आमच्या भाषेत पेपरमध्ये, मी दोन्ही लिहिलं. शेवटी स्पष्ट लिहिलं: माणसाला देऊ नये.

कैक वर्षं तो कुणी वाचला नाही. मग सगळं इंटरनेटवर आलं आणि माझे सायटेशन्स, म्हणजे इतरांच्या पेपरांतले माझ्या पेपरचे दाखले, वाढू लागले. आधी हुरळले. नंतर ते पेपर उघडून पाहिले. ‘या मुळाचा वेदनाशामक गुण सिद्ध झाला आहे’, आणि पुढे माझं नाव. यकृताचा शब्द नाही. एकाने दुसऱ्याचं उतरवलेलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. मी ईमेल पाठवले. एकाचं उत्तर आलं, नोंद घेतली म्हणून. पुढे काहीच झालं नाही.

एव्हाना त्याच कॉलेजात शिकवत होते; प्रमोशनच्या मुलाखतीत मी हे सांगितलं. समितीतले एक ज्येष्ठ सर चष्मा पुसत म्हणाले, "अहो मॅडम, लोक आपल्याला चुकीचं का होईना, वाचतायत. आम्हाला तेही भाग्य नाही." सगळे हसले. मला प्रमोशन मिळालं.

त्याच महिन्यात आईचा फोन आला, सुमेधचे डोळे पिवळे झालेत. मी त्याच्याशी बोलले. बाजारात त्या वेलीच्या मुळाची पावडर मिळते, दोन वर्षं घेतोय, म्हणाला. दवाखान्याच्या गोळ्या कधीच सोडल्या होत्या.

"कोणी सांगितलं तुला घ्यायला?"

"कोनी म्हणजे? पाकिटावर तुह्यं नाव हाय ना, ताई. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलं. मी साऱ्यायले दाखवतो."

त्याला पुण्याला आणलं. डॉक्टर ओळखीचे होते, त्यांनी काही कमी केलं नाही. माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत त्याला एकदाच बसवता आलं. समोरच्या इमारतींचे दिवे बघत होता. "इतके लोक काय करत असतीन वं तिथं?" त्याने विचारलं. पंधरवड्यात तो गेला.

पावडरीविरुद्ध मी तक्रार केली. नाव बदलून ती पुन्हा आली. पेपर अजून तसाच अर्धा उतरवला जातो. यंदाही उतरवला गेला. नवीन विद्यार्थी अदबीने सांगतात, मॅडम, हा तुमचा सर्वांत गाजलेला पेपर.

गेल्या वेळी घरी गेले तर शेजारची बाई तिच्या मुलीच्या दुखण्यासाठी तीच पावडर मागायला आली. देऊ नको, म्हटलं. "मोठी झाली, आता आमाले नाई म्हनते," असं बोलून ती निघून गेली. मी आईला पुन्हा सगळं समजावून सांगितलं: उंदीर, डोस, यकृत. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पन लिहिलं तर तूच होतं ना, बाई?"

पुण्यात मला हे कुणी विचारत नाही. म्हणून मी पुण्यात राहते. आणि जिथे ते विचारलं जातं, त्या घरी दर सणाला जाते.