औषध न देता पाठवलेली माणसं

राबियाआपांना मी पहिल्यांदा पाहिले ते तेरच्या दवाखान्यात. आपा तिथल्या नर्स आणि मी गावात नव्याने आलेली ग्रामसेविका. माझे सुरुवातीचे शिक्षण घरीच, वडिलांच्या हाताखाली झाले; त्यामुळे वही दिसली की तपासायची सवय. आपांच्या वहीत बऱ्याच नावांपुढे ‘औषध नाही’ असे लिहिले होते. साठा संपला असावा असे वाटून मी वर कळवायला निघाले, तेव्हा आपा हसल्या. “बेटी, औषध हाय. त्यांना ते नको होतं.”

मग काय हवे होते? ते कळावे म्हणून मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊ लागले. आज त्यांच्या साठीनिमित्त लिहितानाही ते कुतूहल पुरते फिटलेले नाही.

हळूहळू दिसले ते असे. एकटे माणूस आले की आपा त्याच्याकडे रोखून बघत नसत. पट्ट्या गुंडाळत ऐकत. नवराबायको आले की दोघांना एका बाकावर, एकाच दिशेला तोंड करून बसवत. सगळे घर आले तर धाकटी सून आधी बोले, थोरले शेवटी. एक थोरले चिडले, “आमी काय मुकं हाव का?” आपा म्हणाल्या, “न्हाय काका. तुमी बोललात की बाकीचे मुके होतात.”

एकट्याने सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, हा त्यांचा नियम. तो मला माहीत होता. तरीही मी तो मोडला.

गावातल्या कमळाबाईंशी त्यांचे यजमान ज्ञानोबा वर्षभर बोलत नव्हते. खंडोबाच्या जत्रेला त्या अणदूरला भावाकडे गेल्या आणि चार दिवस जास्त राहिल्या, एवढेच निमित्त. ज्ञानोबांना काही हवे असले की ते म्हशीला सांगत, “आज भाकरी लवकर पायजे गं.” एकट्याच आलेल्या कमळाबाईंच्या तोंडून हे ऐकून मला हसू आले, आपांना आले नाही. मग कमळाबाई म्हणाल्या, “खळं झालं की मी कायमची भावाकडं जाणार.”

दोन दिवस मला चैन पडेना. ज्यांचा संसार मोडणार, त्यांनाच ते ठाऊक नसावे? खरे लपवणे म्हणजे खोटेच, असे वडिलांनी शिकवले होते. मी ज्ञानोबांना सांगून टाकले. त्यांनी तेव्हाच गाडी जुंपली, कमळाबाईंचे गाठोडे तीत टाकले आणि म्हशीला म्हणाले, “भावाकडं जायचंय म्हनं. जाऊ दे तिला.”

मी आपांपुढे रडले. आता येऊ नको म्हणतील, असे वाटले. त्यांनी मला बाकावर बसवले. “खरं सांगावं, पर ज्याचं त्यानं,” एवढेच बोलल्या. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या बसने अणदूरला गेल्या. “गोष्ट माझ्या दारातून फुटली. दोष माझा,” असे त्यांनी कमळाबाईंना सांगितले. माझे नाव घेतले नाही. मग मीच बोलले. कमळाबाईंनी मला खालवर पाहिले. “शिकलेल्या ना तुमी बाई? मग तोंडाला कडी न्हाय का?”

ज्ञानोबांना आपांनी निरोप धाडला नाही. ते आपणहून आले, डोके दुखते म्हणून. आपा पट्ट्या गुंडाळू लागल्या. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, “ते चार दिस मला वाटलं, आता येत न्हाय ती. लई भ्यालो. आली, तर बोलायलाच जमंना.”

“हे तिला ठावं हाय?”

“न्हाय. तुमी सांगा की.”

“मी न्हाय सांगणार.”

ज्ञानोबा स्वतः अणदूरला गेले. कमळाबाई यायला तयार झाल्या, पण फक्त आपांच्या बाकापर्यंत.

“आपा, हिला म्हणा, घरी चल.”

आपा गप्प.

“चल,” ज्ञानोबा भिंतीकडे बघून म्हणाले.

“कुणाला म्हणता?” कमळाबाईंनी विचारले.

ज्ञानोबा त्यांच्याकडे वळले. “तुला. कमळे, तुला म्हणतोय. त्या चार दिसांत मी लई भ्यालो हुतो.”

कमळाबाई उठल्या आणि घराच्या वाटेला लागल्या.

हा मजकूर छापण्याआधी मी त्या दोघांना आणि आपांना वाचून दाखवला. कमळाबाईंनी एक वाक्य काढायला लावले. ते काढले आहे. “माझं कौतुक कमी कर,” असे आपाही म्हणाल्या. तेवढे मात्र ऐकले नाही.

गप्प कधी राहायचे हे त्यांना कसे कळते, असे मी अजून विचारते आणि त्या “बस जरा” म्हणतात. आपांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. मला अजून पुष्कळ वर्षे त्यांच्याजवळ बसायचे आहे.