वहीतला केक

माझी बायको मंगळवारी वारली. बुधवारी तिला पुरलं.

नाताळ जवळ आला तेव्हा शेजारीण दारात आली. ती मूळची खांडबाऱ्याची, अहिराणी बोलणारी.

"मास्तर, औंदा केक नई का? तुमनी वहीमा समदं लिखेल शे ना?"

लिहिलेलं होतं खरं. मिशनच्या मडमबाई दर वर्षी नवापूरच्या बायकांना केक करून दाखवायच्या, पण आधी इतिहास! विलायतेत पूर्वी लोकांना वाचता येत नसे, म्हणून मैदा, लोणी, साखर आणि अंडी चारही सारख्याच वजनाची घेत, हे सांगायला त्यांना पाऊण तास लागे. मी त्याचं मराठी करायचो. माझी बायको ते मराठी साध्या शब्दांत एका वाक्यात आटपायची: "सगळं सारखं घ्या, एवढंच म्हणतात." बायका हसायच्या आणि मी चिडायचो. मग चूल पेटायची आणि मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन पुस्तक उघडायचो. बायकांच्या कामात पुरुषाने काय बसायचं?

त्यामुळे माझ्या वहीत राजेराण्यांच्या मेजवान्यांसकट अकरा पानं इतिहास आहे. केक किती वेळ भाजायचा, ते नाही. बायकोला मी लिहायला शिकवलं होतं. तिनेही एक ओळ लिहून ठेवली नाही. काय म्हणावं!

"त्यामा काय लिखानं?" शेजारीण म्हणाली. "डबाना खाले-वर निखारा ठेवाना. नाताळनं गानं तीन डाव म्हनानं. मंग काढी लेवाना."

मी चारही जिन्नस सारखे घेऊन डब्यात कालवले, तिच्यासमोर डब्याच्या खाली-वर निखारे ठेवले आणि गाणं तीनदा म्हटलं. केक वरून तांबूस झाला होता. सुरी घातली तर मधे पीठच.

"आगगाडी धराले पयेल मानूसनागत गायनात तुम्ही!" ती म्हणाली. "तुमनी बाई कितली हयू हयू म्हने!"

खरं होतं. मिशनच्या देवळातही माझी बायको प्रत्येक ओळ ताणायची. सगळे थांबले तरी तिचा शेवटचा शब्द चालूच असायचा. मी तिला कोपराने ढोसायचो. घरी येताना बोलायचो, लोक हसतात, जरा उरकत जा. ती "बरं" म्हणायची आणि पुढच्या रविवारी तसंच गायची.

त्यानंतर मी पुष्कळदा तिच्यासारखं गाऊन पाहिलं. दुसऱ्या कडव्यात माझा वेग वाढतोच. स्वतःलाच कोपराने ढोसता येत नाही.

आता घरात पत्र्याचा डबा आहे, अकरा पानांची वही आहे, आणि केक अजून मधे कच्चा राहतो.